पाठीला कळलं

पिंपळझरी, पोस्ट हिंगणी
७ जानेवारी १९५७

श्रावणभाऊजींना कांतावहिनीचा जय भीम.

तुमचं बंगलोरचं पत्र पोचलं. त्यात जागोजाग 'पेशंट' असं लिहिलं आहे. तो पेशंट म्हणजे माझे मामाजी आणि तुमचे सख्खे वडील तानबा कोतवाल, हे मुद्दाम लिहिते. मनाच्या दवाखान्यात डॉक्टरकी शिकता शिकता माणूस अशा गोष्टी विसरत असेल. रागावू नका. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच मला चुलीपुढे पाटी घेऊन बसवलं आणि काना-मात्रा शिकवली. आता त्याची फळं भोगा.

तब्येत विचारलीत. ताप उतरून महिना झाला. जेवण चांगलं आहे, चालतात, हसतात. माझ्या वरातीत कोणाचा बैल बुजला आणि कोण गटारात पडलं हे अजून रंगवून सांगतात. पण मेंदूत चढलेल्या त्या तापाने दोन गोष्टी नेल्या. मागची पाच-सहा वर्षं नेली, आणि नवीन काही धरून ठेवायची ताकद नेली. आता सांगितलेलं हात धुऊन परत येईपर्यंत पुसलेलं असतं. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच नशीब, बाकी असंच राहील.

तुमच्या नत्थूदादांनी, म्हणजे आमच्या यांनी, जे कळवलं ते खरं आहे. मी असते तर असं धाडकन लिहिलं नसतं, पण त्यांचा हात म्हणजे कापसाच्या जिनातला हात, गाठ बांधली की फेकली. हो, मामाजी बबनराव पाटलाच्या ओट्यासमोर पुन्हा वाकतात. चपला काढून हातात घेतात, कमरेत वाकतात आणि जोहार करतात. ऑक्टोबरात नागपूरला आपल्या समाजासोबत उभं राहून दीक्षा घेतली, घरी आल्यावर कोतवालीची काठी चावडीत ठेवून आले, आणि अंगणात उभे राहून म्हणाले, "आजपासून माह्या पाठीवर कोनाचा हक नाई." तोच माणूस. त्याला त्यातलं काही आठवत नाही. रोज सकाळी विचारतात, "कांता, माही काठी कोठी ठेवली वं?"

तुम्ही लिहिता, रोज आठवण करून द्या, बोलतं करा. आपलं मागचं काय ते उमगलं की माणूस बदलतो, तुमची सगळी विद्याच त्यावर उभी आहे. बरं बाप्पा. सांगते रोज. चहा देताना सांगते, "मामाजी, आपन बौद्ध झालो." ते कपबशी खाली ठेवतात. "खरंच का वं? म्या घेतली दीक्षा? नत्थू संगं होता? लोक लय होते का?" मी सांगते, लोक इतके की जमीन दिसत नव्हती. मग डोळे पुसतात, हसतात, पुन्हा पुसतात. इतकी चांगली बातमी रोज नवीकोरी मिळणारा माणूस आपल्या जिल्ह्यात दुसरा नसेल. मग अंगणात एक फेरी मारून येतात आणि काठी शोधायला लागतात.

एक गोष्ट मात्र सांगणं मी बंद केलं आहे. बाबासाहेब गेले तेव्हा मामाजी तापात होते. बरे झाल्यावर मी एकदा सांगितलं. होते तिथे मातीत बसले. थोड्या वेळाने फोटोवरचा हार पाहून विचारलं, "हार कायले घातला?" आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी त्याच दिवशी हार काढून ठेवला. वस्तीत सगळ्यांना बजावलं आहे, यांच्यापुढे कोणी बोलायचं नाही. शेजारच्या देवकाबाई म्हणाल्या, "बराबर केलं तू. एका घरात तं बाबासाहेबायले जित्तं राहू दे."

आता शेवटचं. तुम्ही लिहिलंत, 'श्रावण, तू खरं बोलत होतास' एवढं त्यांनी एकदा म्हणावं, मग मी येईन. एकावन्न साली तुम्ही ती काठी सोडा, वाकणं सोडा म्हणून भांडलात आणि ताटावरून उठून गेलात. त्यांनी खरंच सोडलं तेव्हा तुमची परीक्षा होती. नाताळच्या सुट्टीत येणार होतात, त्याआधी ताप आला. म्हणजे तुमचं वाक्य तयार होतं आणि वाटेत हरवलं. आता ते त्यांच्याजवळ नाही, भाऊजी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही मागत राहाल, ते रिकामा पोहरा वर काढत राहतील, आणि आमची मधल्यामध्ये दोरी ओढून दमछाक.

मी मजेत आहे. हुरडा चांगला आला आहे. तुमच्या वाटचा देवकाबाईंच्या गायीने खाल्ला.

कांता


पिंपळझरी
२ मार्च १९५७

श्रावणभाऊजी, जय भीम.

आज हसवायला लिहिते आहे. आधी कारण सांगते, नाहीतर समजणार नाही. मला सातवा लागला आहे. लाजायला आता वेळ नाही. सुईणीने जड उचलायला बंदी केली आहे. आपल्या वस्तीची विहीर तळाला गेली म्हणून पाणी जनपद सभेच्या नव्या सरकारी विहिरीवरून आणावं लागतं, आणि तिची वाट पाटलाच्या ओट्यासमोरून. तुमचे दादा पहाटेच सेलूला जिनात जातात. तर एक दिवस मामाजींनी पाण्याचा पितळी गुंड उचलला आणि म्हणाले, "तू पोटुशी हाय. म्या आनतो पानी."

मी म्हटलं, "लोक हासतीन, मामाजी. गडी मानूस डोक्यावर पानी घेऊन."

"हासू दे. फुकटात हासतात."

मी मागून निघाले, कारण वाटेत कुठे जायचं ते विसरतील ही भीती. जाताना पाटलाच्या ओट्यासमोर नेहमीसारखं झालं. चपला हातात, कमरेत वाकले, जोहार. बोलून काय उपयोग. विहिरीवर मी गुंड काठोकाठ भरला, त्यांच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर गुंड. येताना डोक्यावरचं वजनच त्यांना आठवण देत होतं की पाणी घरी न्यायचं आहे. मला बोलावं लागलं नाही.

पुन्हा ओटा आला. बबनराव पाटील सुपारी कातरत बसले होते. मामाजींचे गुडघे लवायला लागले हे मी मागून पाहिलं. गुंड हलला, थोडं पाणी त्यांच्या कानावरून खांद्यावर आलं, आणि ते तिथेच ताठ झाले. चपला पायात, दोन्ही हात गुंडाला.

पाटील म्हणाले, "काऊन रे तानबा, आज वाकला नाईस?"

मामाजी म्हणाले, "पानी सांडन, पाटील."

पाटलाने अडकित्ता खाली ठेवला. सांडेल हे खरंच होतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून घरापर्यंत आले आणि माजघरात बसून इतकी हसले की देवकाबाई कळा सुरू झाल्या समजून धावत आल्या.

तेव्हापासून रोज दोन खेपा चालू आहेत. मामाजींना रोज वाटतं, आज पहिल्यांदाच पाणी आणतो आहे. रोज मला सांगतात, लोक हासू दे. आठ-दहा दिवस असं होतं की जाताना वाकायचे आणि येताना सरळ. मग मी शहाणपणा केला. जातानाही गुंड डोक्यावरच द्यायला लागले आणि आत तांब्याभर पाणी घातलं. म्हटलं, "मामाजी, इरजनाचं हाय, सांडू नोका." कसलं विरजण नि कसलं काय. पण आता जाताना-येताना पाठ सरळ. जोहार मात्र तोंडातून निघतोच. तो काही गुंडाने अडत नाही.

तुमच्या पुस्तकात हे कशात बसतं ते कळवा. मी त्यांना काही समजावलं नाही, त्यांना काही आठवलं नाही, आणि पाटलाची सुपारी मात्र दोन दिवस कातरायची राहिली.

कांता


पिंपळझरी
१९ एप्रिल १९५७

श्रावणभाऊजी, जय भीम.

तुमचं मोठं पत्र तीनदा वाचलं, एकदा तुमच्या दादांना, एकदा देवकाबाईंना, एकदा मला. दादा ऐकता ऐकता झोपले. देवकाबाई म्हणाल्या, पोरगं शिकलं खरं.

मला समजलं ते असं. घडलेल्या गोष्टी जपून ठेवणारी जागा मेंदूत वेगळी आणि अंगाला लागलेलं वळण ठेवणारी जागा वेगळी. ताप पहिल्या जागेत शिरला, दुसरी शाबूत राहिली असावी. तुमच्या दवाखान्यातले मेंदूचे मोठे डॉक्टरही असंच मानतात, फक्त खात्रीने कोणी सांगत नाही. हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी गुंडाचा खेळ गंमत म्हणून सोडून दिला असता. तुम्ही लिहिलंत, 'वहिनी, थांबू नका, रोज करा, रिकाम्या डोक्यानेही करून पाहा.' म्हणून केलं. आता ऐका काय झालं.

मंगळवारी मी मामाजींना मिठासाठी दुकानात पाठवलं. डोक्यावर काही नाही, हातात फक्त पिशवी. मी दहा हात मागे. ओटा आला. मामाजी चपला न काढता, न वाकता, सरळ चालत गेले. वर म्हणाले, "काय पाटील, बरे हाय ना?" जोहार नाही. तो कधी गळून पडला मलाही समजलं नाही.

पाटील उठून उभे राहिले. "तानबा, आज तं डोक्यावर काई नाई."

मामाजी थांबले. मला दिसत होतं, ते उत्तर शोधत होते. न वाकण्याचं कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग म्हणाले, "पाठ दुखून राह्यली, पाटील. वाकताच येत नाई."

घरी आल्यावर मी तेलाची वाटी घेऊन गेले. म्हणाले, "कायले आनलं?" मी म्हटलं, "पाठ दुखते ना तुमची." तर माझ्याकडे बघत राहिले. "माही? माह्या पाठीले काय धाड भरली?"

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ जळून गेल्यावर पीळ नवा पडला, भाऊजी. आणि पुढची गंमत अशी की संध्याकाळी पाटलाच्या घरून गडी आला, पाठीला चोळायला औषधी तेलाची बाटली घेऊन. पाटलाने पाठदुखी खरी धरली. दादा परत पाठवायला निघाले होते, मी ठेवून घेतली. माझ्या कमरेला फार गुण येतो आहे.

तुम्ही जाणिवेबद्दल लिहिलंय, की माणूस वागतो आधी आणि त्याचं कारण त्याला कळतं मागाहून, कधी कधी कारण खोटंही असतं आणि तरी त्याला ते खरंच वाटतं. तुमच्या पाच पानांत ते मला नीट उमगलं नाही. मामाजींच्या डफड्यावरून उमगलं. कोतवाल असताना ते गावभर दवंडी द्यायचे, ऐका हो ऐका, उद्या अमुक होणार, परवा तमुक होणार. ठरलेलं असायचं चावडीत, चार माणसांत. मामाजींना कोण विचारतो? पण डफडं वाजवून सांगताना आवाज असा की हुकूम त्यांचाच. आपलं तोंड तसलाच कोतवाल असेल. आत काय ठरलं ते त्याला शेवटी कळतं, पण ओरडतं मोठ्याने. तुम्ही लोक त्या बिचाऱ्या कोतवालाला खुर्चीवर बसवून तास तास विचारता, असं का ठरलं सांग. त्याने काय सांगावं? पाठ दुखते म्हणेल.

तुमच्या त्या बँकेतल्या कारकुनाचंही वाचून वाईट वाटलं. आपल्या भीतीचं मूळ त्याला तोंडपाठ आहे आणि तरी जिना चढताना पाय लटपटतात. त्याच्यासोबत आता तुम्ही रोज दोन पायऱ्या चढता हे चांगलं करता. बोलणं बंद करू नका हं. मी मामाजींना दीक्षेचं रोज सांगतेच. ते लक्षात राहत नाही, पण तेवढा वेळ चेहरा उजळतो, आणि उजळलेल्या चेहऱ्याने माणूस पाण्याला बरा जातो.

आता जे लिहिणार नव्हते ते लिहिते. दिवे लागले की मामाजी दारात बसतात. कितीही डास येऊ देत, दार लावू देत नाहीत. म्हणतात, "श्रावण आला का वं? उपाशी गेला पोट्टा. अंबाडीची भाजी होती, अर्धी भाकर टाकून ताटावरून उठला." त्यांच्या हाताशी उरलेला शेवटचा ठळक दिवस तोच आहे. त्यांच्या हिशेबी तुम्ही आज सकाळी गेलात. मी म्हणते, येतीन, मामाजी. जरा वेळाने पुन्हा विचारतात. निजेपर्यंत हेच चालतं.

भांडण कशावरून झालं ते ते बोलत नाहीत. कोण खरं, कोण खोटं, तेही नाही. तुम्ही उपाशी गेलात एवढंच घेऊन बसले आहेत. आता यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी काही म्हणत नाही. म्हणजे म्हणते आहेच, पण नाही म्हणत.

कांता


पिंपळझरी
१२ जून १९५७

श्रावणभाऊजी, जय भीम.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत. रंग तुमच्यावर गेला आहे, आवाजही, त्यामुळे कोणाला झोप नाही. मामाजी रोज सकाळी पाळण्याशी येऊन विचारतात, "हे कोनाचं वं?" मी सांगते, "तुमची नात." मग वस्तीभर साखर वाटायला निघतात. साखर परवडत नाही म्हणून मी आता चिमूटभर गूळ हातात देते आणि देवकाबाईंकडे पाठवते. त्या रोज तोंड गोड करतात, रोज तेवढ्याच नवलाने म्हणतात, "बाई बाई, कधी झाली?"

ऑगस्टात रजा मिळते आहे हे दादांनी ऐकलं. उठून गोठ्यात गेले आणि खूप वेळ तिथेच होते. त्यांचं असंच.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही जे लिहिलंत ते मला पटलं नाही. लिहिता, 'मी येईन, बोलेन, आणि पाठ फिरवली की त्यांच्या लेखी मी आलोच नव्हतो. मग माझ्या येण्याचा त्यांना काय उपयोग, वहिनी?' अहो, विहिरीवर गेल्याचंही त्यांना कधी आठवत नाही. पाणी तर घरात आलं ना?

या. भाषण घेऊन येऊ नका. भूक घेऊन या.

कांता


पिंपळझरी
२८ ऑगस्ट १९५७

श्रावणभाऊजी, जय भीम.

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. पोट आता ठिकाणावर आलं का? तुम्ही विचारलंत, पहिल्या संध्याकाळी तुम्ही माजघरात होतात तेव्हा मामाजी अंगणात माझ्याशी काय बोलत होते. सांगते, पण पहिल्यापासून सांगते, कारण त्या दिवसाची मजा तुमच्या वाट्याला कमी आणि माझ्या वाट्याला जास्त आली.

तुम्ही दारात उभे राहिलात. मला वाटलं होतं, केस विरळ झालेले, चष्मा लागलेला, ओळखतील की नाही. मामाजी नुसते म्हणाले, "आला? लय येळ केला. जेवला काय?" जसे तुम्ही हिंगणीच्या बाजारातून आलात. आणि तुम्ही, बंगलोरचे डॉक्टर, इतके महिने घोकून आणलेलं सगळं विसरून त्यांच्या पायांशी बसलात आणि म्हणालात, "बाबा, ताटावरून उठाले नोको होतं मी." किती वर्षांनी तुमच्या तोंडून आपली बोली ऐकली. मामाजींनी तुमच्या डोक्यावर हात ठेवला. तेही रडले, तुम्हीही. दादा दाराआड रडले, ते तुम्ही पाहिलं नाही. मी चुलीपाशी होते, मला धूर होता.

मग मामाजी डोळे धुवायला मोरीवर गेले. परत आले आणि तुम्हाला पाहून दचकले. "अरे श्रावण. आला? जेवला काय?"

तुमचा चेहरा मला विसरता येणार नाही. सगळं सांगून झालं होतं, सगळं माफ होऊन गेलं होतं, आणि ते मोरीच्या पाण्यासोबत वाहून गेलं. तुम्ही पुन्हा तेच बोलायला तोंड उघडलंत तेव्हा मी ताट पुढे सरकवलं. आठवतं ना, डोळ्यांनी काय म्हटलं? बोलू नका, जेवा.

तुम्ही जेवलात. अंबाडीची भाजी, भाकर, कांदा. मामाजी समोर उकिडवे बसून तुमच्या प्रत्येक घासाकडे पाहत होते. "अजून अर्धी घे. कांता, वाढ त्याले." ताट चाटूनपुसून झालं तेव्हा ते अंगणात आले आणि मला म्हणाले, हेच तुम्हाला हवं होतं ना, तर हे म्हणाले, "आता कसं हलकं वाटून राह्यलं वं. काऊन हलकं वाटते थे नाई समजत." एवढंच. मग गायीला वैरण टाकून आत गेले आणि आतून आवाज आला, "अरे श्रावण. आला? जेवला काय?"

त्या संध्याकाळी तुम्ही तीनदा जेवलात. मी पुढची भाकर बारीक करायला लागले, पण अर्धी टाकून उठायची तुमची काही हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी ओवा, तिसऱ्या दिवशी ओवा आणि सैंधव. दादा म्हणाले, "हा रजा संपेपर्यंत फुटते." पूर्ण मुक्काम तेच. दारात बसले की तुम्ही समोर यायचं, आला का, जेवला का, आणि जेवायचं.

एकदा तुम्ही दोघं विहिरीवरून येत होतात, गुंड तुमच्या डोक्यावर. पाटलाचा ओटा आला आणि मामाजी हात हलवत, मोकळ्या पाठीने, सरळ चालत गेले. तुम्ही तिथेच थांबलात. तुमच्या गालावरून पाणी येत होतं आणि ते गुंडातलं नव्हतं. मामाजी मागे वळून म्हणाले, "डोळ्यात कचरा गेला काय रे?" पाटील म्हणाले, "पाठ कशी हाय, तानबा?" मामाजी म्हणाले, "काऊन, पाठीले काय झालं?"

तुमचं वाक्य तुम्हाला मिळालं नाही. निघताना तुम्ही ते मागितलंही नाहीत, हे मी पाहिलं. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मामाजी दारात बसले आणि मला विचारलं, "श्रावण आला का वं?" खोटं लिहून तुम्हाला बरं वाटवणार नाही. विचारलं. पण 'उपाशी गेला' म्हणाले नाहीत. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

कांता


पिंपळझरी
६ ऑक्टोबर १९५७

श्रावणभाऊजी, जय भीम.

तुमचा कारकून जिना चढून गच्चीवर गेला आणि वर जाऊन 'हवा चांगली होती म्हणून आलो' म्हणाला, हे वाचून फार बरं वाटलं. त्याला कारण विचारू नका. त्याचीही पाठ दुखत असेल.

इथे एक झालं. पोळा झाल्यापासून मामाजी तुमच्याविषयी विचारीनासे झाले. आधी मला बरं वाटलं, चला, म्हाताऱ्याला सुख लागलं. मग धडकी भरली. म्हटलं, मागची सहा वर्षं गेली तसे श्रावणही निघून गेले की काय डोक्यातून? तुमच्या दादांना सांगितलं तर ते रात्रभर जागतील, म्हणून कोणाला बोलले नाही. दोन-तीन संध्याकाळी नुसती पाहत राहिले. दिवे लागले की दारात बसायचे, नात मांडीवर, आणि रस्त्याकडे बघत तिला थोपटायचे. तुमचं नाव मात्र निघायचं नाही.

काल धीर केला. जवळ बसून विचारलं, "मामाजी, तुमाले पोरं किती?"

"दोन. नत्थू अन् श्रावण. काऊन इचारते?"

जीव भांड्यात पडला. म्हटलं, "मंग श्रावणभाऊजी कोठी हायेत?"

"गेला ना थो."

"रागावून गेले का?"

मामाजी माझ्याकडे वळले. पाटलाने विचारलं होतं तेव्हा दिसला तसाच चेहरा, उत्तर शोधणारा.

"नाई वं," ते म्हणाले. "जेवून गेला."

"कवा आले होते?"

"थे मले नाई मालूम. पन पोटभर जेवून गेला."

मग नातीला माझ्याकडे दिलं, डास फार झालेत म्हणाले, आणि स्वतः उठून दार लावून घेतलं.

कांता